वरून मोजलेलं पाणी

१

मे महिन्याच्या आठ तारखेला सकाळी सहा वाजता वरचीवाडीच्या बायका हंडे घेऊन नळापाशी उभ्या राहिल्या. नळाने दोनदा खाकरल्यासारखा आवाज केला आणि नुसती हवा सोडली.

वाडी रत्नागिरीपासून एस.टी.ने पाऊण तासावर. समोर अख्खा समुद्र दिसतो, पण प्यायला पाणी एकाच विहिरीचं. विहीर खाली खाडीच्या अंगाला आणि सिमेंटची टाकी वर सड्यावर, डोंगरमाथ्याच्या उघड्या कातळावर. दिवसा पंप लावून टाकी भरायची, रात्रभर ती बंद ठेवायची आणि सकाळी वाडीला पाणी सोडायचं. हे काम सहा वर्षं धाकू मयेकर करत होता. तरुणपणापासून साठीपर्यंत तो तेलवाहू बोटींवर पंप सांभाळायचा. एकदाही सकाळचा उशीर नाही, असा माणूस.

चार जण सड्यावर गेले, टाकीचं झाकण उचललं. तळाला बादलीभर गाळ होता.

खाली विहिरीपाशी पंपाच्या खोलीत खिळ्याला धाकूची वही टांगलेली असायची. रोज दोन आकडे, एक संध्याकाळी पंप बंद केल्यावरचा, एक सकाळी पाणी सोडण्याआधीचा. त्या सकाळचा आकडा लिहायला धाकूला वेळच मिळाला नव्हता. कलमांच्या बागेचा मालक विनीत सावंत याने वही काढली आणि मोठ्याने वाचली.

"संध्याकाळ पंधरा, सकाळ सत्तर. संध्याकाळ पंधरा, सकाळ पंच्याऐंशी. संध्याकाळ चौदा, सकाळ एकशे दहा. अरे, दिवसभर पंप चालतो आणि संध्याकाळी टाकीत वीतभरसुद्धा पाणी नाही? दिवसाचं पाणी हा कुणाला देतो? आणि रात्री गुपचूप पंप लावून सकाळपुरतं भरून ठेवतो!"

दुसऱ्या दिवशी देवळात पाणी कमिटीची बैठक बसली. कमिटीचा अध्यक्ष अजिंक्य भोळे वही हातात घेऊन शांतपणे म्हणाला, "धाकूकाका, तुमच्याच अक्षरातले आकडे आहेत. काय सांगायचंय?"

धाकू उभा राहिला. मुळात अबोल माणूस. त्याने वहीकडे पाहिलं, मग अजिंक्यकडे पाहिलं, आणि पाहतच राहिला. तोंड उघडलं, पण शब्द आला नाही. ओठाची एक बाजू खाली घसरली आणि तो देवळाच्या फरशीवर आडवा झाला.

अर्धांगाचा झटका होता. त्याला रत्नागिरीला नेलं, बाराव्या दिवशी घरी आणलं. उजवा हात गेला, वाचा गेली. ज्या दिवशी घरी आणलं, त्याच दिवशी कमिटीने त्याच्या घराचा नळ तोडला.

२

"बाई, येत्या रविवारी परत मीटिंग हाय," धाकूची बायको मथुरा म्हणाली. "पोलिसात कागद देणार म्हणतात. ह्यांनी पाणी चोरलं असा."

काशी भाटकरबाई ओटीवर तांदूळ निवडत होत्या. पस्तीस वर्षं त्यांनी खालच्या हायस्कुलात इंग्रजी शिकवलं. वाडीतला चाळिशीच्या आतला प्रत्येक माणूस त्यांच्या हाताखालून गेलेला. अजूनही शनिवारी सकाळी वाडीतली पोरं त्यांच्या ओटीवर बसायची आणि बाई त्यांना एक नवा इंग्रजी शब्द शिकवायच्या. त्याचे त्यांना लाडू मिळायचे, म्हणून पोरं चुकवत नसत.

"तुला काय हवंय, मथुरा? नळ?"

"नळ गेला खड्ड्यात. डोईवरनं आणीन. पर हे समदं ऐकतात, बाई. पडवीतनं लोक काय बोलतात ते ऐकतात. मरायच्या आदी एकदा कुणीतरी बोलूदे, धाकू चोर न्हाय. बास."

बाईंनी सूप बाजूला ठेवलं. "त्यांनी तुला काही सांगितलं होतं?"

"झटका यायच्या आदी आठ दिवस बोलले व्हते, टाकीचं पाणी रात्रीचं कमी व्हतंय. मी बोल्ले, कमिटीला सांगा. तर बोलले, सांगून आलो. कुणाला सांगितलं ते न्हाय बोलले."

धाकू खाटेवर भिंतीला टेकून बसला होता. डोळे मात्र पूर्वीसारखेच, नीट पाहणारे. मथुराने त्याच्यापुढे पाण्याचा पेला धरला. त्याने डाव्या हाताचं बोट पेल्याच्या काठावरून आत सोडलं, पाण्याला टेकताच थांबवलं आणि बाईंकडे पाहिलं. बोट वर काढलं, पुन्हा तसंच केलं.

"बघा ना," मथुराने पदर डोळ्याला लावला. "दर पेल्याला असंच. डोस्क्याला पण लागलंय हो."

बाईंची नजर खुंटीवर गेली. तिथे पोलादी फीत गुंडाळून ठेवली होती. तिच्या टोकाला बोटभर लांबीचं, टोकदार पितळी वजन.

"हे काय?"

"टाकी मोजायचं. बोटीवरनं आणलेलं."

धाकूने तिसऱ्यांदा बोट पेल्यात सोडलं. हा माणूस वेडा झालेला नाही, बाईंच्या मनात आलं. हा काहीतरी शिकवतोय, आणि पस्तीस वर्षं शिकवण्यात घालवलेल्या मला ते कळत नाही.

३

वही कमिटीची सेक्रेटरी नम्रता पाटील हिच्या कपाटात होती. तिने ती कुरकुर न करता दिली.

"तुम्ही मागितल्यावर नाही कसं म्हणू, बाई? पण त्यात काय बघायचं राहिलंय?"

"वही तुझ्याकडे कशी आली?"

"विनीतने मला दिली. मी संध्याकाळी अजिंक्यकडे नेऊन दिली, त्याला बैठकीत वाचायची होती. बैठकीनंतर परत माझ्याकडे."

शंभर पानी साधी वही, मधे पिना मारलेली. पहिल्या पानावर माथ्याला इंग्रजी मोठ्या अक्षरांत एकच शब्द लिहिलेला होता: यू, एल, एल, ए, जी, ई. खाली तारखा आणि आकडे.

"हे काय लिहिलंय?"

"कुठल्यातरी बोटीचं नाव असेल," नम्रता म्हणाली. "काकांच्या डोक्यात बोटीच असायच्या."

बाईंनी वही मागून उघडली तर शेवटचं कोरं पान हातात सुटून आलं. पिना मारलेल्या वहीत पुढचं आणि मागचं पान म्हणजे एकच लांब कागद असतो. पुढचं फाडलं की मागचं सुटतं. बाईंनी पुढे पाहिलं. पिनेपाशी बारीक फाटकी कडा उरली होती. जे पहिलं पान वाटत होतं ते दुसरं होतं.

विनीत बागेत आंब्याच्या पेट्या बांधत होता. "बाई, म्हाताऱ्याचं वाईट झालं, पण आकडे खोटं बोलत नाहीत."

"शाळेत तुझे आकडे बरेच खोटं बोलायचे रे, विनू."

तो ओशाळून हसला. "पान फाडलेलं मला माहीत नाही. आणि त्या इंग्रजी शब्दाचा अर्थही. बोटीचं नाव ना ते?"

"तुझी झाडं बरी तजेलदार आहेत मे महिन्यात."

"म्हणजे माझ्यावर संशय? मी टँकर मागवतो, बाई. सगळी वाडी बघते. आणि टाकी इथून जवळच वर आहे, या, दाखवतो."

टाकीपाशी त्याने कुठे काय ते दाखवलं. सडा करपून काळा पडला होता. फक्त टाकीच्या मागून गवताची एक हिरवी रेघ निघाली होती, हातभर रुंद, आणि विनीतच्या बागेच्या दगडी गडग्याला वळसा घालून उताराला दिसेनाशी झाली होती.

"इथून पूर्वी एक लाइन जायची," विनीत म्हणाला. "खालची तीन-चार घरं होती तिच्यावर. बंद केली. आता बरीचशी फुटली असेल."

"बंद लाइनीवर गवत कसं रे हिरवं?"

विनीतने डोकं खाजवलं.

उतरताना विहिरीशेजारच्या घरातली सखू भेटली. बाईंनी तिला एवढंच विचारलं, रात्री पंप लागायचा का. "रातीचा पंप?" सखू म्हणाली. "भिंतीला भिंत हाय. लागला असता तर माजा डोळा लागला असता काय? एक दिस न्हाय लागला."

मग सकाळी टाकीत जास्त पाणी कुठून यायचं?

अजिंक्यचं 'सागरदर्शन' उताराच्या टोकाला होतं. चार खोल्यांनी सुरुवात केलेली, आता बारा झाल्या होत्या. अंगणात पोहण्याचा निळा हौद. वाडीतल्या दहा-बारा बायका-माणसांना तिथे काम होतं. तो बाईंच्या पाया पडला, सरबत आणवलं.

"काकांनीच मला बोटीवर चिकटवलं होतं, बाई. माझ्या हातून असा न्याय व्हावा, मला झोप नाही."

"बोटीवर तू काय करायचास?"

"स्वयंपाकघरात. दोन वर्षं भांडी घासली. म्हणून तर हे हॉटेल जमलं," तो हसला.

"हा शब्द कधी वाचलास?"

त्याने वहीवर नजर टाकली. "नाही, बाई. तुमच्या वर्गात शिकवला असता तर लक्षात राहिला असता."

निघताना बाईंनी भिंतीवरचा फोटो पाहिला. बोटीच्या डेकवर उभा असलेला मिसरूडही न फुटलेला अजिंक्य, केशरी डगला आणि हातातून लोंबणारं बोटभर लांबीचं पितळी काहीतरी.

"गळ आहे," अजिंक्य मागून म्हणाला. "मासे पकडायचो रिकाम्या वेळात."

४

त्या संध्याकाळी बाईंनी जाडा कोश काढला. शब्द सापडला. त्यांनी तो तीनदा वाचला, मग पेल्यात पाणी ओतलं, काठावरून बोट सोडलं आणि पाण्याला टेकताच थांबवलं. मग वही पुढे ओढून त्या पहिल्यापासून पुन्हा वाचू लागल्या.

शनिवारी पोरं जमल्यावर बाईंनी पेला मधोमध ठेवला.

"यात पाणी किती, हे कसं सांगाल?"

"तळापासून मोजायचं," एक पोर म्हणालं.

"बरोबर. पण तुमच्याकडे पेला नाही, घराएवढी बंद टाकी आहे, आणि आत तेल आहे. दर वेळी तळापर्यंत फीत सोडाल तर ती तेलात माखेल, आणि तळाला गाळ असेल तर मापही चुकेल. मग बोटीवरचे लोक काय करतात? वरच्या भोकातून फीत सोडतात आणि ती तेलाला टेकली की थांबतात. तेल किती आहे ते मोजत नाहीत. वर किती जागा रिकामी आहे ते मोजतात. त्या रिकाम्या जागेला इंग्रजीत नाव आहे, अलिज. टाकीची खोली माहीत असली की त्यातून ती वजा करायची, राहिलं ते तेल."

"रिकाम्या जागेला पण नाव?" पोरांना गंमत वाटली.

"जुना शब्द आहे. फ्रान्सच्या बाजूला लोक लाकडी पिंपात दारू साठवत. ठेवल्या ठेवल्या ती थोडी उडून जायची. पिंपाला बूच लावायचं जे भोक असतं त्याला ते पिंपाचा डोळा म्हणायचे. कमी झालेलं पुन्हा डोळ्यापर्यंत भरायचं, त्या कामावरून हा शब्द निघाला. त्याच्या मुळाशी डोळ्याला असलेला लॅटिन शब्द आहे, आणि आपला संस्कृत 'अक्षि' त्याच्याच कुळातला. पुढे दारूवाल्यांकडून तो तेलाच्या बोटींवर गेला, आणि बोटीवरून आपल्या टाकीवर आला."

बाईंनी वही उघडली. "आता सांगा. रिकामी जागा संध्याकाळी पंधरा, सकाळी सत्तर. पाणी कधी गेलं?"

"रात्री!" सगळी एकदम ओरडली.

"आणि संध्याकाळी टाकी?"

"भरलेली!"

वेदिका नावाची चौथीतली मुलगी वहीवर वाकली होती. "बाई, हनुमान जयंतीच्या आदल्या दिवशी दोनशे लिहिलंय. त्या दिवशी टाकी धुतली. आम्हीच उतरलो होतो आत, बारीक पोरं. घोटाभरसुद्धा पाणी नव्हतं."

टाकीची खोली बरोबर दोनशे सेंटिमीटर होती. पाण्याचा आकडा म्हणून वाचलं, तर ज्या दिवशी पोरं आत उतरून चुना लावत होती त्या दिवशी टाकी काठोकाठ भरलेली. सगळ्या वाडीने ती टाकी धुताना पाहिली होती आणि वहीतले आकडेही ऐकले होते.

दुपारी बाईंनी मथुराला धाकूची पत्र्याची पेटी उघडायला लावली. गेल्या पाच वर्षांच्या पाच वह्या निघाल्या. प्रत्येकीच्या पहिल्या पानावर पट्टीने काढलेलं टाकीचं चित्र होतं आणि झाकणापासून खाली पाण्यापर्यंत येणारा बाण. खाली मराठीत लिहिलेलं, 'आकडा वरून मोजावा. माझ्यामागून येणाऱ्यासाठी.'

म्हणजे यंदाच्या वहीतही ते पान होतं. ते कुणी फाडलं? ज्याला आकडे कळले नव्हते त्याला ते पान फाडण्याचं कारण नव्हतं. विनीतला ते दिसलं असतं तर वही नीट वाचली जाऊन धाकू सुटला असता, किंवा निदान भांडण झालं असतं. चित्र पाहून आणि आकडे पाहून, वाडी ते उलटे वाचते आहे हे ज्याला समजलं, आणि ती तसंच वाचत राहावी असं ज्याला वाटलं, त्यानेच ते फाडलं होतं.

आता एवढंच शोधायचं होतं, वाडीत धाकूशिवाय वरून मोजायला कोण शिकलं होतं.

५

रविवारी बैठकीच्या आधी बाईंनी वही ज्यांच्या हातून गेली होती त्या तिघांना टाकीवर बोलावलं. बरोबर धाकूची फीत होती.

"आज टाकीत किती पाणी आहे ते बैठकीत सांगायला हवं. माझी नजर पोचत नाही. एकेकाने मोजा, म्हणजे चूक नको."

विनीतने वजन तळाला आपटेपर्यंत फीत सोडली, वर ओढली आणि कुठवर भिजली ते पाहिलं. "एकशे त्रेसष्ट." नम्रतानेही तसंच केलं, वर साडीला पाणी लावून घेतलं. तिचे आले एकशे एकसष्ट.

"अजिंक्य, तू."

अजिंक्य बैठकीबद्दलच बोलत होता. "पोलिसांत द्यायला नकोच, बाई, मी सांगतो सगळ्यांना, आजारी माणूस आहे." बोलता बोलता त्याने फीत घेतली, झाकणाच्या कडेला अंगठा रोवला आणि वजन खाली सोडलं. हात हलका होता. टोक पाण्याला लागलं न लागलं तोच बोटं थांबली. त्याने अंगठ्यापाशी पाहिलं आणि तोंडातून निघालं, "अडतीस."

विनीत म्हणाला, "अडतीस? आम्हाला एकशे साठच्या वर आले!"

अजिंक्यने हातातल्या फितीकडे पाहिलं.

"भांडी घासणाऱ्याला असं मोजायला कुणी शिकवलं रे?" बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज वर्गातल्यासारखाच संथ होता. "धाकूनेच ना? त्या फोटोत तुझ्या हातात गळ नव्हता. आणि ही गवताची हिरवी रेघ तुझ्या निळ्या हौदाशी जाऊन थांबते. मी काल तिच्या कडेने चालत आले."

विनीत टाकीच्या मागे गेला. झुडपात जुन्या लाइनीचा व्हॉल्व्ह होता. त्याला नवी कोरी चाकी बसवलेली होती.

"सात तारखेला पंचवीस पाहुणे होते," अजिंक्य शेवटी म्हणाला. "हौदाचं पाणी बदलायचं होतं. माणूस व्हॉल्व्ह बंद करायला विसरला. एरवी मी थोडंच घ्यायचो, बाई."

"धाकू तुलाच सांगायला आला होता, पाणी रात्रीचं जातंय म्हणून."

"हो. मी म्हटलं, बघतो, कुणाला बोलू नका. ते नाही बोलले." त्याने मान वर केली. "पण मी त्यांना चोर म्हटलं नाही. लोकांनीच उलटं वाचलं. मी फक्त गप्प राहिलो."

"गप्प राहायला पान फाडावं लागत नाही."

६

बैठक झाली. बाई बोलल्या, वह्या फिरल्या, पोरांनी टाकी धुतल्याचं सांगितलं. लोक आधी भडकले. मग कुणीतरी म्हणालं, माझी सून तिथं कामाला आहे. दुसरा म्हणाला, वाडीसाठी नवी बोअरवेल मारायची आहे, तिच्या पंपाचं सामान अजिंक्यच देणार आहे. तासाभरात आवाज खाली आले. कागदावर ओळ लिहिली गेली: 'आकडे वाचण्यात वाडीचा गैरसमज झाला. श्री. धाकू मयेकर यांचा दोष नाही.' अजिंक्यने अध्यक्षपद सोडलं, तेही 'व्यवसायाच्या व्यापामुळे'. पोलिसांचं नाव पुन्हा कुणी काढलं नाही. मागच्या बैठकीत पोलिस पोलिस म्हणणारे चार जण चपला शोधण्यात गुंतले होते.

"बाई, तुम्हीच सांगा, वाडी चालायला हवी ना," नम्रता हळूच म्हणाली. बाईंनी तिला सहावीपासून दहावीपर्यंत शिकवलं होतं. त्यांनी तिच्याकडे पाहिलं आणि वह्या गोळा करायला घेतल्या.

संध्याकाळी कमिटी धाकूच्या घरी आली. नळ सकाळीच परत जोडला होता. नवा अध्यक्ष विनीत पुढे होता आणि सगळ्यांच्या मागे, दाराबाहेर, हापूसची पेटी घेऊन अजिंक्य. नम्रताने ती ओळ मोठ्याने वाचली, मग धाकूच्या कानाशी वाकून पुन्हा वाचली. मथुरा भिंतीला धरून उभी होती. तिने मागितलं होतं ते हेच होतं, आणि ते ऐकताना तिच्या चेहऱ्यावर काहीच हललं नाही.

"काका, आता झालं गेलं विसरायचं," विनीत म्हणाला. "टाकी तुमचीच. बरे झालात की परत या. आता मनात काही राहिलं नाही ना?"

धाकूने डावा हात पुढे केला. बाईंना कळलं. त्यांनी यंदाची वही त्याच्या मांडीवर ठेवली, पेन बोटांत दिलं. सात तारखेच्या संध्याकाळनंतर वही कोरी होती. त्याने वेडीवाकडी, लहान पोरासारखी आजची तारीख लिहिली. थांबला. त्याच्यापुढे आकडा लिहिला आणि वही विनीतकडे फिरवली.

"दोनशे," विनीतने वाचलं. "नाही हो, काका, आज टाकी भरली आहे. मी स्वतः..."

तो मधेच थांबला. आता वाडीतल्या सगळ्यांना तो आकडा वाचता येत होता: वरून दोनशे, म्हणजे आत काहीच नाही. दाराबाहेर अजिंक्यने आंब्याची पेटी जमिनीवर ठेवली आणि तो तसाच उभा राहिला.

मथुराने नवऱ्याच्या हातातून पेन काढून घेतलं आणि वही मिटली.